खुलासा: '१०० वर्षांची पूररेषा' म्हणजे १०० वर्षांची हमी नव्हे

"प्रकल्प १०० वर्षांच्या पूररेषेबाहेर आहे, आराखडा मंजूर आहे, म्हणजे शंभर वर्षं पाण्याची चिंता नाही," असा मेसेज फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे.

ही रेषा ज्या पुरावरून आखतात, तो कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का धरलेली असते. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी ती घटत नाही. कॅल्क्युलेटरवर ०.९९चा ३०वा घात काढून पाहा, साधारण ०.७४ येतो; ही झाली ३० वर्षांत तो एकदाही न येण्याची शक्यता. म्हणजे ३० वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. रेषेबाहेर धोका कमी असतो, शून्य नव्हे.

शिवाय ही रेषा नदीच्या पुराची. गटार तुंबून साचणारं पाणी त्यात सहसा धरत नाहीत. तळघरातलं शौचालय रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर मैलापाणी उलटं घरात येऊ शकतं. तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच. विजेचे पॅनेलही तळघरात नकोत.

आणि मंजुरी बहुधा अटींवरच मिळते: जोत्याची उंची, पावसाळी वाहिन्या, मलवाहिनीची जोडणी. मंजुरीपत्राच्या अटींचं पान मागून घ्या. (तेच पान कुणी वाचत नाही.)

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.