९० दिवसांत पीएमओ काढा म्हणणारा तो फॉरवर्ड

महिनाभरात तो मेसेज मला तीन ग्रुपवर आला, आणि परवा भोसरीत स्वतःचं वर्कशॉप असलेल्या मित्राने तोच पाठवून विचारलं, "करू का रे असं?" म्हणून हे लिहायला बसलोय. मेसेजचं सार एवढंच की प्रोजेक्ट लेट होतायत तर ९० दिवसांत पीएमओ, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं ऑफिस, उभा करा. आधी चांगलं टूल, म्हणजे प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घ्या, मग पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट असलेला हेड आणा, सगळे प्रोजेक्ट मॅनेजर त्याच्या हाताखाली द्या, सगळ्यांना एकच टेम्प्लेट लावा, दर सोमवारी लाल-पिवळा-हिरवा डॅशबोर्ड. की झालं काम!

मी चाकणकडे एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एनपीडी बघतो, म्हणजे नवीन पार्टची ऑर्डर आल्यापासून कस्टमरकडे पीपॅप, म्हणजे पार्टच्या मंजुरीचे कागद आणि नमुने, सबमिट होईपर्यंतची सगळी पळापळ. आमच्याकडे हे सगळं, याच क्रमाने, करून झालंय.

टूलचं आधी सांगतो. लायसन्स घेतली, हॉटेलात ट्रेनिंग झालं, जेवण चांगलं होतं. तीन महिन्यांनी बघितलं तर खरी माहिती परत टूल रूमच्या, म्हणजे जिथे पार्टच्या डाय (साचे) बनतात त्या विभागाच्या, सुपरवायझरच्या टेबलावर, काचेखाली सरकवलेल्या एका कागदावर. व्हीएमसीवर, म्हणजे डाय कापणाऱ्या मशीनवर, कोणती डाय कधी चढणार ते त्यावर पेन्सिलने लिहिलेलं, आणि खोडून खोडून कागद पार मळलेला. व्हीएमसी दोन, चालू प्रोजेक्ट सात, आणि ज्याचा मॅनेजर जास्त आरडाओरडा करेल त्याची डाय आधी. आमचे प्रोजेक्ट लेट व्हायचे ते त्या कागदावर, आणि टूलमध्ये त्या कागदाला कुठे जागाच नव्हती, कारण टूलमध्ये प्रत्येक प्रोजेक्ट आपापला वेगळा आणि प्रत्येकाला वाटतंय की मशीन आपल्यालाच मिळणार.

पीएमपीबद्दल मला वाईट बोलायचं नाही. परीक्षा सोपी नाही, ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं, चार वर्षांची डिग्री असली तरी ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. पण आमच्याकडे जे साहेब आले ते आयटीतून आलेले, माणूस सज्जन, आणि पहिल्याच रिव्ह्यूला त्यांनी विचारलं की डायची ट्रायल फेल होणार हे प्लॅनमध्ये का नव्हतं. आता काय सांगणार? ट्रायल म्हणतात ती त्यासाठीच ना साहेब. त्या दिवसानंतर टूल रूमचं कोणी त्यांच्याशी खरं बोललंच नाही.

सगळ्यात घोळ आहे तो "सगळे मॅनेजर हाताखाली द्या" या मुद्द्यात. ज्या पीएमआय संस्थेचं ते पीएमपी सर्टिफिकेट, त्यांच्याच पीएमबॉक या मार्गदर्शक पुस्तकाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत पीएमओचे तीन प्रकार दिलेत: सपोर्टिव्ह, म्हणजे मागाल ती मदत देणारा, कंट्रोलिंग, म्हणजे पद्धत पाळली का ते तपासणारा, आणि डिरेक्टिव्ह, म्हणजे प्रोजेक्ट स्वतःच चालवणारा. फॉरवर्डवाल्याने तिसरा उचलला आणि बाकीचे दोन गायब केले. आता कोकण रेल्वे बघा की. १९९० मध्ये कॉर्पोरेशन झालं, श्रीधरन प्रमुख, रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, आणि एवढं काम एका ऑफिसातून हाकायच्या ऐवजी त्यांनी सात भाग पाडले, महाड, रत्नागिरीचे दोन, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी, आणि प्रत्येक भागावर एक चीफ इंजिनिअर. अख्खी लाईन जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली. लेट झालीच, पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत होती, पण त्या मातीचं काय करायचं ते तिथे उभा असलेला माणूसच सांगणार ना, सोमवारच्या मीटिंगमध्ये ते कसं ठरणार?

एकच टेम्प्लेट म्हणाल तर ऑटोवाल्यांकडे ते आधीच आहे. एपीक्यूपी, म्हणजे नवीन पार्ट तयार करायची ठरलेली पद्धत, १९९४ पासून आहे, पाच टप्पे, शेवटी पीपॅपच्या १८ बाबी. आमच्या पीएमओने त्यावर आणखी एक चार्टर, म्हणजे प्रोजेक्ट सुरू करायचा फॉर्म, चढवलं आणि तेच कॅन्टीनच्या शेडच्या पत्र्यांच्या कामालाही भरायला लावलं. असो.

डॅशबोर्डचा अनुभव असा की लाल रंग कोणी कधी दाखवतच नाही. लाल दाखवला की एमडींचा फोन, म्हणून सगळे पिवळा देतात, आणि पिवळा म्हणजे लालच हे खालपासून वरपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आणि ९० दिवस? आमचा एक पार्ट ऑर्डरपासून पीपॅपपर्यंत सात-आठ महिने घेतो, ९० दिवसांत एकही प्रोजेक्ट संपत नाही, मग पीएमओ चालला की नाही हे कळणार कशावरून?

फॉरवर्डमधली एक गोष्ट मात्र मान्य, सगळे प्रोजेक्ट एकत्र बघणारं कोणीतरी पाहिजे. मित्राला मी म्हटलं, मागचे पाच लेट झालेले जॉब काढ आणि प्रत्येक कुठे अडकला तेवढं लिही. पोरांना प्लॅनिंगच येत नसेल तर शिकवणारा, मदत करणारा माणूस बसव. काम येतं पण कागद अर्धवट राहतात, ऑडिटला धावपळ होते, तर तपासणारा बसव. आणि भांडण मशीनवरून असेल तर पीएमओ कितीही मोठा काढ, ते सुटणार नाही, कारण कोणाची डाय आधी हे ठरवायचा अधिकार मालकाचा, आणि तो त्याने वापरला पाहिजे.

आमचं ते तिसरं, मशीनवरचं भांडण होतं. टूलचं लायसन्स पुढे रिन्यू केलं नाही, ते साहेबही गेले. आता पीएमओ म्हणजे दोन जण, प्लांट हेडच्या हाताखाली, आणि दर गुरुवारी टूल रूममध्येच उभ्या उभ्या पंधरा मिनिटं व्हीएमसीचा नंबर लावतात. कागद अजून काचेखालीच आहे, फक्त आता पेनने लिहिलेला असतो आणि खाली प्लांट हेडची सही असते.