फ्रेश होऊन येतो

गेल्या श्रावणात आमच्याकडे एक डॉक्टर आला आणि तेराव्या दिवशी 'फ्रेश होऊन येतो' म्हणून जो वरच्या मजल्यावर गेला, तो अजून खाली उतरलेला नाही. आमचा फ्लॅट वन बीएचके आणि वर थेट गच्ची, तेव्हा 'आमच्याकडे' म्हणजे साडेआठच्या मालिकेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या आईच्या लक्षात ते आजतागायत आलेलं नाही.

मालिकेचं नाव सांगत नाही. खरं तर आमच्या घरात मालिकांना नावं नसतातच, वेळा असतात. सातची, साडेसातची, आठची. त्यातली साडेआठची म्हणजे घरची कर्ती. तिच्या वेळी कुकर लावायचा नाही, फोन उचलायचा नाही आणि 'ही कोण?' असं तर अजिबात विचारायचं नाही.

डॉक्टर येणार याची दवंडी महिनाभर आधी पिटली गेली. 'येतोय तो... वाड्याचं भविष्य बदलायला!' दर ब्रेकला एकदा. आठच्या मालिकेत एक बाई अतिदक्षता विभागात शेवटचे श्वास मोजत होती, तर तिच्या पलंगाखालून हा बोटभर उंचीचा डॉक्टर हातात पेटी घेऊन उजवीकडून डावीकडे चालत गेला. आई म्हणाली, "अरे, बाजूलाच चाललायस तर बघ ना जरा तिला." घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांमागे त्याचा अर्धाच चेहरा असलेलं होर्डिंग लागलं. रिक्षातून रोज तो अर्धा चेहरा बघताना मला उगाचच कर्जाचा हप्ता चुकल्यासारखं वाटायचं.

पण खरी गोम होती ती पेटीत. जुनी पत्र्याची पेटी, तिला पितळी कुलूप. प्रोमोत कॅमेरा चेहऱ्यापेक्षा जास्त त्या कुलपावर. आईच्या मते पेटीत वाड्याचं मृत्युपत्र होतं. बायकोच्या मते पहिल्या लग्नाचे फोटो. लेक म्हणाली, "बाबा, लॅपटॉप असेल." शेजारच्या काकू सोन्याखाली उतरायला तयार नव्हत्या. आमच्या ऑफिसात तर यावरून डब्याच्या वेळी दोन तट पडले आणि आठवडाभर एकमेकांच्या भाज्या बंद झाल्या.

रविवारी एक तासाचा महाएपिसोड. आम्ही साडेसहालाच जेवून घेतलं. सत्तावन्न मिनिटं वाड्यात मंगळागौर चालली. मग वीज गेली, पाऊस आला, दार उघडलं आणि बूट दिसला. मग पेटी. मग हनुवटी. आणि हनुवटीवरच भाग संपला.

सोमवारी पूर्ण माणूस दिसला. वाड्यात माणसं चौदा. डॉक्टरला पाहून प्रत्येकाला धक्का बसणार आणि प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा तीनदा जाणार. धाड, धाड, धाड. चौदा त्रिक बेचाळीस. तेवढ्यात बायकोने पापड भाजले, ताट घेतलं आणि येऊन बसली. तेव्हा कुठे धाकट्या जावेला धक्का बसत होता.

एक मात्र कबूल करायला हवं, पोरगा गुणी होता. आल्या आल्या आजीच्या पाया पडला. वरणभात दोनदा मागून घेतला. कपाटाच्या किल्ल्या पळवणाऱ्या काकूला सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, कमरेला काय वाजतंय?" गेल्या चार वर्षांत हा प्रश्न वाड्यात कुणालाही सुचला नव्हता. आईने त्या रात्री गोळी न घेता झोप लागल्याचं सांगितलं.

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे मांडते. दूध आलं की बरोबर, नाही आलं की फुली. त्याच चौकोनात खाली बारीक 'डॉ.' असं लिहून तिने त्याचीही हजेरी सुरू केली. सोमवार ते शनिवार सहा बरोबर. पुढच्या सोमवार ते शनिवार आणखी सहा. त्या दुसऱ्या शनिवारी डॉक्टर जिन्याशी उभा राहिला, पेटी पायरीपाशी ठेवली, "फ्रेश होऊन येतो," म्हणाला आणि वर गेला.

सोमवारी फुली. मंगळवारी फुली.

"दमला असेल," आई म्हणाली. बुधवारी म्हणाली, "वर जेवण कोण नेतंय त्याला?" गुरुवारी माझ्याकडेच वळून, "गिझर तरी बंद केलाय का रे?"

मला राग आला तो त्या चौदा जणांचा. चार वर्षांपूर्वी कुणी कुणाला चहात काय घातलं, हे तोंडपाठ असलेली ही माणसं. त्यातल्या एकाही माईच्या लालाला वाटू नये, की अरे, परवापर्यंत इथे एक उंच माणूस पोहे खात होता? पेटी चार दिवस जिन्याच्या पायथ्याशी दिसत राहिली. पाचव्या दिवशी तिच्यावर प्लास्टिकच्या शेवंतीची कुंडी आली. आठव्या दिवशी कुंडी राहिली, पेटी गेली. हे फक्त आईने पाहिलं. चष्म्याचा नंबर वाढलाय अशी तक्रार करणाऱ्या आईने.

आमच्या सोसायटीत सी विंगला एक मेकअपदादा राहतात. मालिकांच्या सेटवर त्यांचं रोजचं काम. त्यांना आईने चहाला बोलावलं, म्हणजे चौकशीला बसवलं.

"ट्रॅक चालला नाही, मावशी. म्हणजे डॉक्टरचं कथानक," दादा म्हणाले. "गुरुवारी आकडे आले."

मग त्यांनी समजावलं. टीआरपी म्हणतात तो बार्क नावाची संस्था काढते, २०१५पासून. देशभरात ५० हजारांहून जास्त घरांत टीव्हीला मीटर जोडलेला असतो. चॅनेलच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं असतं; टीव्हीसमोर बसलं की आपापलं दाबायचं. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे सोमवारी आलेल्या डॉक्टरचा निकाल अकराव्या दिवशी लागला होता. शुक्रवारचा भाग आधीच शूट होऊन बँकेत, म्हणजे तयार भागांच्या शिलकीत पडलेला, म्हणून तो दिसला. शनिवारी जिना.

"पण मी रोज बघत होते की!"

"तुमच्याकडे मीटर नाही ना, मावशी."

"मग बसवून द्या."

"तसं मागून मिळत नाही. कुणाकडे आहे तेही सांगत नाहीत."

आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडे असता ना, तर मी चौघांचीही बटणं दाबली असती." असा मीटर आमच्या घरात का नाही, ते मला तेव्हा नीट कळलं.

जाता जाता दादांनी आणखी एक सांगितलं. या धंद्यात कामाचे पैसे ९० दिवसांनी मिळायची रीत आहे. म्हणजे पहिला चेक हातात पडेपर्यंत आमचा डॉक्टर अडीच महिने बाथरूममध्ये असणार होता.

आई तशी समंजस प्रेक्षक आहे, बरं का. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनामुळे महाराष्ट्रातलं शूटिंग थांबलं आणि मालिकांची बिऱ्हाडं गोव्याला, सिल्वासाला निघाली, तेव्हाही माणसं गळाली होती. भरल्या घरातली मंडळी एकाएकी रिसॉर्टच्या हिरवळीवर कटकारस्थानं करू लागली आणि जे कुणी आले नाहीत ते 'मामाकडे' गेले. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. आई काही बोलली नाही. कारण पटलं होतं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये २०१८ साली शनायाचं काम रसिका सुनीलऐवजी इशा केसकर करू लागली आणि २०२०मध्ये पुन्हा रसिका आली, तेव्हा मी दोन्ही वेळा गोंधळलो. आई नाही. "चेहरा बदलू दे ना. शनाया शनायाच्या जागी आहे की नाही?" तिचं म्हणणं एवढंच, की येताना महिनाभर ढोल वाजवता, मग जाताना निदान दाराची कडी तरी वाजवा.

न्यू जर्सीच्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर तिची समजूत काढायचा प्रयत्न केला. तिकडेही हेच चालतं म्हणाला. 'लॉस्ट' मालिकेत २००६ साली निकी आणि पाउलो म्हणून दोघं अशीच मधूनच आणली, लोकांना ती डोळ्यांसमोर नकोशी झाली आणि २००७मध्ये एका भागात दोघांना चक्क जिवंत पुरून टाकलं.

"बघ," आई म्हणाली, "निदान पुरलं तरी. आमच्यांनी वरच ठेवलाय."

दिवाळी झाली. वाड्यात फराळ झाला, सामूहिक फोटो निघाला. माणसं चौदाच. तुळशीचं लग्न लागलं. आणि त्याच आठवड्यात ब्रेकमध्ये पुन्हा तेच दणदण संगीत: 'येतेय ती... वाड्याचं रहस्य उलगडायला!' एक बाई, पाठमोरी, हातात पिंजरा. पिंजऱ्यावर लाल कापड.

"पोपट असेल," लेक म्हणाली.

आईने रिमोट उचलून आवाज बंद केला. आमच्या घरात साडेआठला शांतता झाल्याचा तो पहिला प्रसंग. खालच्या मजल्यावरून कुणीतरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारून गेलं.

जानेवारीत एका संध्याकाळी घोडबंदर रोडच्या एका टपरीवर मी कटिंग घेत उभा होतो. या भागात बंगले भाड्याने घेऊन शूटिंगं चालतात, त्यामुळे मुंडावळ्या बांधलेला नवरदेव सिगरेट ओढताना दिसला तरी कुणी वळून बघत नाही. शेजारी एक पोलीस इन्स्पेक्टर वडापाव खात होता. वर्दीवर चटणी सांडू नये म्हणून कॉलरमध्ये मोठा रुमाल खोचलेला, मान पुढे काढलेली. हनुवटी मी लगेच ओळखली. होर्डिंगवर महिनाभर पाहिली होती.

"तुम्ही... डॉक्टर?"

तो इतका दचकला की मिरची खाली पडली. "तुम्ही बघायचात?"

"आई बघायची. एक मिनिट बोलाल का?"

फोन लावून दिला. मध्ये काही सांगायला नको म्हणून स्पीकरवर टाकला.

"नमस्कार काकू, मी... तो वाड्यातला डॉक्टर."

पलीकडे दोन क्षण काहीच नाही. मग आई म्हणाली, "जेवलास का?"

"हो. म्हणजे, वडापाव चाललाय."

"अरे, खाली का नाही आलास तू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मग तो अगदी शहाण्या मुलासारखा सांगू लागला, "काकू, त्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. वर मजला नाहीच. प्लायवूड संपतं आणि मागे शिडी आहे. शिडीवरून उतरलो, कपडे परत दिले, रिक्षा केली आणि घरी गेलो. सोमवारी सेटवर कधी यायचं, तो कॉल टाइम आलाच नाही."

"बाई गं! म्हणजे अंघोळ पण नाही?"

"घरी जाऊन केली, काकू."

"बरं केलंस." आईचा आवाज जरा सैल झाला. मग अचानक खाली आला, शेजारणीला काही सांगताना येतो तसा. "ए, खरं सांग. पेटीत काय होतं?"

टपरीवाल्यानेही स्टोव्ह बारीक केला.

"काही नव्हतं, काकू. रिकामी होती."

"रिकामी?" आई कडाडली. "मग दारातून आणताना एवढा वाकला होतास कशाला?"

इन्स्पेक्टरने कॉलरमधला रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "काकू, तेवढीच तर ॲक्टिंग होती."