तीन सेकंद कोणाला लागू?

बास्केटबॉलच्या नियमांवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘रिंगखालच्या चौकटीत कोणीही तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही’ हे वाक्य दुरुस्त करा. आंतरराष्ट्रीय म्हणजे फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात हे बंधन फक्त आक्रमण करणाऱ्या संघावर आहे. बचाव करणारा तिथं हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. बचावालाही तीन सेकंद लावतात ते एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये. आमच्या सोलापुरात शाळांच्या सामन्यात याच्यावरून पालक पंचांवर ओरडतात, कारण सगळं शिक्षण मोबाईलवर एनबीए बघून झालेलं!

आणखी एक. शॉटसाठी चेंडू हातातून सुटला की हा तीन सेकंदांचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळं रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, आत धक्काबुक्की करणाऱ्या पोरांवर ‘थ्री सेकंद, थ्री सेकंद’ म्हणून बोंबलू नका. चौकटीची रेघ मात्र चौकटीतच धरतात, तिच्यावर पाय म्हणजे आत.

चेंडू हाती आला की २४ सेकंदांत शॉट मारायचा, हे तुम्ही बरोबर लिहिलंय, फक्त अर्धं. रिंगला लागलेला चेंडू आक्रमण करणाऱ्यांनीच परत मिळवला तर घड्याळ १४ वर येतं, २४ वर नाही. आपल्याकडं बऱ्याच कोर्टांवर हे घड्याळ, म्हणजे शॉट क्लॉक, नसतंच, टेबलावरचा माणूस स्टॉपवॉच घेऊन बसतो. तिथं हे १४ हमखास विसरलं जातं.

मागच्या अर्ध्यातून चेंडू पुढं न्यायचे आठ सेकंद, थ्रो-इनचे, म्हणजे रेघेबाहेरून चेंडू आत टाकायचे, पाच, हे ठीक. आणि हो, हे मोडलं तर ती सगळी व्हायोलेशन्स, म्हणजे नुसते नियमभंग, फाउल नव्हे. चेंडू समोरच्या संघाला जातो, खेळाडूच्या नावावर फाउल चढत नाही.