"बघून चाला" म्हणण्याआधी बुटाचा सोल बघा

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

आज सकाळी ऑफिसच्या लॉबीत फरशी पुसणाऱ्या मावशी पडल्या. बादली एकीकडे, मावशी एकीकडे. कंबर धरून बसल्या, उठायला गेल्या तर पुन्हा पाय सटकला. आम्ही दोघीतिघी धावलो. आणि त्यांचे सुपरवायझर जागेवरूनच म्हणाले, "मावशी, बघून चालता येत नाही का?"

शेजारी तो पिवळा बोर्ड होताच. फरशी ओली आहे, जपून चाला. अहो, तो बोर्ड येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असतो. जिला फरशी पुसायचीय तिने बोर्ड वाचून जायचं कुठे? तिला त्या ओल्यातच उभं राहायचंय, साबणाच्या पाण्यात, वाकून, मागे मागे सरकत. हात देऊन उठवताना मी त्यांच्या पायांकडे बघितलं. काळे, बंद, युनिफॉर्मला शोभणारे प्लास्टिकचे बूट. खालून काचेसारखे गुळगुळीत. त्या बुटांत त्या फरशीवर कोणीही पडेल. सुपरवायझरसुद्धा पडतील, कितीही बघून चालले तरी.

हे "बघून चाला" मला ऐकवतच नाही, कारण माझ्या ताईने ते हात प्लास्टरमध्ये असताना ऐकलंय.

ताई नर्स आहे. तुमच्यातले बरेच जण तिला ओळखतात, ती निष्काळजी आहे असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही. नाइट ड्यूटी होती. बेल वाजली म्हणून ती पेशंटकडे निघाली. पळत नव्हती, भरभर चालत होती, नर्सला चालावं लागतं तसं. कॉरिडॉर नुकताच पुसलेला. वळणावर टाच सटकली. पडताना माणूस हात पुढे टाकतो, तिनेही टाकला आणि मनगट मोडलं. ह्याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. अब्राहम कॉलिस ह्या आयरिश सर्जनने 1814 साली त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. म्हणजे दोनशे वर्षं उलटली, माणसं अशीच पडताहेत, अशीच मनगटं मोडताहेत, आणि आपण अजून पडलेल्यालाच विचारतोय, लक्ष कुठे होतं? ताईला तिच्या इन्चार्जने अगदी हेच विचारलं. शब्दही हेच.

लक्ष दिल्याने घर्षण वाढत नाही हो. चालताना आधी टाचेची मागची कड टेकते, पाय पुढे सरकत असतानाच टेकते, आणि लगेच सगळं वजन तिच्यावर येतं. त्या क्षणी सोल आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकला तर सोल फरशीला लागतच नाही. तो पाण्यावर तरंगतो. सोलवरच्या खाचा शोभेच्या नसतात, ते पाणी बाजूला ढकलायला असतात. म्हणून त्या कडेपर्यंत उघड्या हव्यात. नुसते बंद खळगे असतील तर पाणी त्यातच साचून राहतं. तेलाचं तर आणखी वाईट. ते दाट, पटकन बाजूला होत नाही.

ताईचे ते बूट मी नंतर उलटे करून बघितले होते. मधल्या खाचा जवळजवळ नव्या. पण टाचेची बाहेरची मागची कड तिरकी झिजलेली. अंगठा फिरवला तर एक रेघ हाताला लागेना, सपाट. नेमकी तीच जागा, जी आधी टेकते. वरून बूट चकाचक, पॉलिश केलेले. वरून बघून कोणी म्हणणार नाही की हे बूट संपलेत.

आणि ताई काय म्हणत होती माहितीये? मी तिची वेणी घालत होते, एका हाताने तिला घालता येत नव्हती, आणि ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल गं." इतकी वर्षं दुसऱ्यांचं दुखणं काढणारी बाई, आणि तिच्या डोक्यात हे भरवून दिलं. तेव्हा माझ्याकडून काही बोलवलं नाही. वेणी नीट घातली, बस.

म्हणून आज लिहितेय, तेही जरा सविस्तर. दिवसभर उभं राहून काम करणारं आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी असतंच.

बूट घेताना आधी तो उलटा करा. रंग, नाव, टाके सगळं नंतर. सोलवर नखाने दाबून बघा. दगडासारखं कडक, नखाला जराही दाद न देणारं प्लास्टिक असेल तर परत ठेवा, ओल्या टाइलवर ते कधीच धरणार नाही. रबर किंचित दबतं, फरशीच्या बारीक खडबडीतपणात शिरतं, म्हणून धरतं. खाचा बारीक, जवळजवळ आणि धारदार कडांच्या हव्यात. डोंगर चढायच्या बुटांचे मोठे दात बघून भुलू नका. ते मातीत रुततात म्हणून धरतात, टाइलमध्ये काय रुतणार? तिथे चार ठोकळे टेकतात आणि बाकी सोल हवेत राहतो. पॉल स्पेरी नावाच्या अमेरिकन माणसाने 1935 मध्ये बोटीच्या ओल्या डेकवर घसरायला नको म्हणून रबरी सोलवर बारीक नागमोडी चिरा पाडल्या होत्या. आपला कुत्रा बर्फावर न घसरता पळतो हे बघून त्याला ते सुचलं, असं सांगतात. म्हणजे ही विद्या काही आजची नाही. तरी युनिफॉर्मच्या नावाखाली गुळगुळीत सोल पायात चढवले जातातच.

आता लेबलबद्दल, कारण इथे सरळ सरळ फसगत होते. "ऑइल रेझिस्टंट" लिहिलं म्हणजे तेलावर घसरणार नाही असं नव्हे! त्याचा अर्थ एवढाच की तेलाने सोल खराब होणार नाही, फुगणार नाही. सेफ्टी शूजवर एफओ लिहिलेलं असतं तेही हेच सांगतं. घसरण्याची चाचणी वेगळी. आयएसओ 20345 हे पुढे कडक टोपी असलेल्या सेफ्टी शूजचं मानक, आणि 20347 हे टोपी नसलेल्या कामाच्या बुटांचं. नर्स, वेटर, सफाई कामगार, दुकानात उभं राहणारे, यांना बहुतेक वेळा हे दुसरं पुरतं. जुन्या बुटांवर एसआरए असेल तर तो साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या सिरॅमिक टाइलवर तपासलाय, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवर, एसआरसी म्हणजे दोन्हीवर. 2021 च्या आवृत्तीत ही अक्षरं गेली. साबणाच्या टाइलची चाचणी आता मुळातच द्यावी लागते, आणि ग्लिसरीन लावलेल्या टाइलवरही पास झाला तर एसआर लिहितात. दुकानदाराला हे विचारा. "अँटी-स्किड आहे मॅडम, एकदम बेस्ट" हे काही उत्तर नाही. कुठल्या मानकाप्रमाणे, एवढंच विचारा आणि जिभेखाली बघायला सांगा, म्हणजे बुटाच्या जिभेखाली, तिथे बऱ्याचदा शिक्का असतो.

ताईला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला यादी मिळाली होती. काळे, बंद, आवाज न करणारे, पॉलिश होणारे. बस. आवाज होऊ नये ह्याची काळजी होती, बाई पडू नये ह्याची नव्हती. संताप येतो. ग्लोव्हज देता, मास्क देता, एप्रन देता, आणि आठ-बारा तास जिच्यावर माणूस उभा राहतो ती वस्तू "ज्याची त्याने बघावी"? बूट हे कामाचं हत्यार आहे. ते मालकाने द्यायला हवं, आणि झिजलं की बदलून द्यायला हवं. ह्यावर माझ्याशी कोणी वाद घालू नका, आज तर नकोच.

बरं, मान्य, फरशीचाही दोष असतो. साबण जास्त ओतला, नीट धुतला नाही, तर चांगला बूटही हात टेकतो. आणि मोबाईलमध्ये तोंड घालून चालणारेही पडतात, हेही खरं. मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये.

चांगले बूट महाग पडतात, हेही मान्य. पण स्वस्तातले दर थोड्या महिन्यांनी सपाट होतात, आणि सपाट झालेले आपण आणखी ओढतो. सगळी पडझड त्या ओढण्याच्या काळात होते. टिकण्याचं सांगायचं तर इव्हीए म्हणजे तो हलका, फोमसारखा सोल, पहिल्या दिवशी ढगावर चालल्यासारखं वाटतं, पण तो लवकर दबतो आणि पुन्हा उठत नाही. पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचा सोल, जास्त टिकतो, मात्र दमट हवेत पडून राहिला तर आतून कुजतो. सणासुदीला घालू म्हणून कपाटात ठेवलेल्या बुटाचा एक दिवस भुगा होतो ना, तो हाच. मला विचाराल तर खाली टेकणारा थर रबराचा आणि मधला थर फोमचा, हे सगळ्यात भरवशाचं. थोडा वजनदार होतो, सवय होते. जिथे तेलाचं काम आहे तिथे नायट्राइल रबर मागा, ते तेलाने खराब होत नाही.

माप संध्याकाळी द्या. दिवसभरात पाय सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारनंतर चावायला लागतो. दोन्ही पाय मोजा, उभं राहून मोजा, कामाला जे मोजे घालता तेच घालून. दोन पावलं अगदी सारखी क्वचितच असतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, आणि टाच मात्र उचलली जाता कामा नये. "वापरून सैल होतील" हे ऐकून घट्ट बूट घेऊ नका. आणि सैल बूट आरामदायी असतो हाही गैरसमजच. सैल बुटात बोटं आकसून बूट धरून ठेवतात, संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात त्या ह्यामुळेही. लेस किंवा वेल्क्रो हवंच. मागून उघडे क्लॉग्ज घालायला सोपे, पण टाचेला धरायला काही नाही. बूट हातात घेऊन वाकवा, चवड्यापाशी वाकायला हवा. मधूनच दुमडला तर पायाला आधार शून्य.

ताईचे नवे बूट मी तिच्यासोबत जाऊन घेतले. ती दुकानात ओशाळल्यासारखी बसली होती, "अगं एवढं काय, चालतील हे." पायात घातल्यावर दोन फेऱ्या मारल्या, मग वळून बघितलं माझ्याकडे आणि म्हणाली, "टाच धरतेय." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला दुकानातच भरून आलं. ती पडल्यानंतर कित्येक दिवस ओल्या फरशीवर भिंत धरून चालायची. भीती हाडांपेक्षा उशिरा जुळते. हे कोणत्या रिपोर्टात लिहितात का?

आता ती ड्यूटीवरून आल्यावर सोल ब्रशने घासून धुते. तुम्हीही करा. खाचांत मळ भरला की खाच असून नसल्यासारखी. जमलं तर दोन जोड आलटून पालटून घाला, घामाने ओला झालेला बूट पूर्ण सुकायला वेळ लागतो, आणि सुकू दिला तर टिकतोही जास्त. महिन्यातून एकदा टाचेच्या मागच्या कडेवर अंगठा फिरवा. रेघा लागल्या नाहीत तर तो बूट कामावर घालायचा नाही. वरून कितीही चांगला दिसू दे.

फिरायला जाणाऱ्यांसाठी एकच. पळायचे बूट कोरड्या रस्त्यावर छान. पण पावसात भिजलेल्या टाइलवर, जिन्यावर, बऱ्याच जोडांचा तळ सटकतो, कारण खाली वजन कमी करायला सरळ फोमच ठेवलेला असतो. घरातल्या वयस्कर मंडळींना भेट म्हणून असे जोड देताना तरी उलटे करून बघा. त्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड, आणि मग पुढचं सगळं बदलतं. त्यांनाही आपण तेच ऐकवतो, बघून चाला. किती सहज तोंडात येतं.

कमेंटमध्ये लिहा, काम कुठलं, फरशी कुठली, किती तास उभं राहावं लागतं, आणि सोल किती महिने धरला. नुसतं ब्रँडचं नाव नको, त्याने कोणाला उपयोग होत नाही. आणि ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांनी त्यांच्या बुटांची मापं कोण घेतं आणि पैसे कोण देतं तेवढं लिहा.