आंबोलीच्या पावसात ट्रेल कॅमेऱ्यात पाणी कसे शिरले : आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या ट्रेल कॅमेऱ्याला, म्हणजे झाडाला बांधून ठेवला की प्राणी समोर येताच आपोआप फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याला, अभिप्रायात एकच तारा देऊन आपण जे लिहिले आहे, ते मी लक्षपूर्वक वाचले. आंबोली घाटाखालच्या काजूच्या बागेत गवे कोणत्या वाटेने उतरतात हे पाहण्यासाठी आपण मृगाच्या तोंडावर कॅमेरा लावला. श्रावणापर्यंत भिंगाच्या आतल्या बाजूला धुके धरले, रात्रीचे फोटो पांढरेफटक आले, सेलनी पाणी सोडले, आणि चिखलात गव्यांचे खूर स्पष्ट उमटलेले असताना कार्डात एकही गवा सापडला नाही. त्यावरून ‘खोक्यावरचे आयपी ६६ ही शुद्ध थाप आहे आणि दुकानदाराला ते ठाऊक होते’ असा निष्कर्ष आपण काढला आहे. आपला हंगाम वाया गेला हे मला मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही, आणि कोकणात कॅमेरे लावणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून त्याची कारणे येथेच देतो.

आयपी ६६ या मानांकनातला पहिला सहा धुळीसाठी आहे आणि दुसरा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यासाठी. दुसऱ्या चाचणीत साडेबारा मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला सुमारे १०० लिटर पाणी, अडीच ते तीन मीटरवरून, किमान तीन मिनिटे मारले जाते. कोणत्याही सरीपेक्षा हा मारा जबर असतो आणि आपला कॅमेरा तो सोसण्यासाठीच बनलेला आहे. पण वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आंबोलीच्या परिसरात कॅमेऱ्याचा खरा शत्रू सर नसून सरींच्या मधली हवा आहे, आणि चार महिने ओल्या हवेत राहण्याची परीक्षा या मानांकनात घेतलीच जात नाही.

आपण पाठवलेला कॅमेरा आम्ही टेबलावर उघडला तेव्हा दाराभोवतीचे रबरी गास्केट शाबूत होते, कुठे चीर नव्हती, कडीही घट्ट बसत होती. मात्र खालच्या उजव्या कोपऱ्यात गास्केटवर शेवाळाचा एक केसाएवढा तंतू दबून बसला होता, आणि नेमक्या त्याच जागेपासून सेलच्या कप्प्याकडे पाण्याच्या ओघळाचा पिवळट डाग गेला होता. कुकरच्या रिंगेवर भाताचे शीत राहिले की वाफ जशी बाजूने निघून जाते, तसाच हा प्रकार आहे. आत ठेवलेली सिलिका जेलची पुडी अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होती, म्हणजे तिने काहीच ओल शोषली नसणार.

यात आणखी एक गोष्ट घडते, जी सहसा कोणी लक्षात घेत नाही. पावसाची उघडीप होऊन ऊन पडले की काळ्या-हिरव्या खोक्यातली हवा तापते, आणि लगेच सर आली की ती झपाट्याने गार होते. ३५ अंशांवरची बंद हवा २२ अंशांवर आली तर तिचा दाब सुमारे चार टक्के घटतो. तेवढ्या ओढीने गास्केटवरचे पाणी किंवा दमट हवा फटीतून आत खेचली जाते, आणि हे दिवसातून अनेकदा होत राहते. शिवाय कार्ड बदलायला आपण दार उघडता ते पावसातच, आणि त्या वेळी बागेतली दमट हवा आत कोंडली जाते. २५ अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला २३ ग्रॅम वाफ असते. कॅमेऱ्याच्या पोकळीच्या मानाने हे पाणी काही मिलिग्रॅमच भरते, परंतु भिंगावर धुके धरायला तेवढे पुरते. म्हणूनच मी ग्राहकांना सांगतो की पावसाळ्यात कॅमेरा झाडाखाली उघडू नये; तो सोडवून घरी आणावा, कोरड्या खोलीत उघडावा, गास्केट कोरड्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा आणि जेलची ताजी पुडी ठेवून मगच बंद करावा.

वनखात्याचे कॅमेरे जंगलात टिकतात, मग हा का नाही, असेही आपण विचारले आहे. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते हे खरे, परंतु ते काम मुख्यतः कोरड्या महिन्यांत होते, त्यामुळे ही तुलना पावसाळ्याला लागू पडत नाही.

पांढऱ्या फोटोंचे कारण सरळ आहे: कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रकाश समोरच्या धुक्यावरून आणि थेंबांवरून परत भिंगात येतो. यावर पक्का उपाय नाही. कॅमेरा पाऊलवाटेच्या जवळ लावला तर थोडा फरक पडतो. सेलच्या बाबतीत, कप्प्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अल्कलाइन सेल होते. अशा मिश्रणात कमजोर सेल आधी संपतो, बाकीचे त्याला उलटा दाब देतात आणि तो गळतो. लिथियमचे पेन्सिल सेल महाग पडतात, पण पावसाळ्यापुरते तरी तेच वापरावेत.

गव्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो कॅमेरा कोरडा असता तरी उरला असता. सेन्सर प्राणी पाहत नाही. प्राण्याच्या अंगाची उष्णता आणि मागची झाडी यांतला हलता फरक तो टिपतो. भिजलेल्या गव्याची कातडी वरून गार असते, त्यात सेन्सरच्या पडद्यावर पाणी चढले की उरलेला फरकही पुसला जातो. चंद्रपूरचे ग्राहक मे महिन्यात हीच तक्रार घेऊन येतात, फक्त तिथे झाडी प्राण्याइतकीच तापलेली असते. अशा वेळी सेन्सरवर विसंबू नये. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेण्याची जी सोय याच कॅमेऱ्यात आहे, ती जोडीला चालू ठेवावी. आणखी एक : पट्टा थेट खोडाला बांधल्यास खोडावरून वाहणारे पाणी दाराच्या कडेवर साठते. मध्ये लाकडाची पाचर ठोकून कॅमेरा खोडापासून सुटा करावा आणि नैऋत्येच्या वाऱ्याकडे त्याचे तोंड करू नये.

पूर्ण पैसे परत देण्याची आपली मागणी मला रास्त वाटत नाही, कारण यंत्रात किंवा त्याच्या बांधणीत दोष आढळला नाही. गास्केट आणि सेलच्या गंजलेल्या स्प्रिंगा आम्ही आमच्या खर्चाने बदलल्या आहेत, भिंग आतून साफ केले आहे आणि बंद कॅमेरा नळाखाली धरून पाहिला आहे. तो आतून कोरडा राहिला. आपले कार्ड त्यावरील फोटोंना हात न लावता वेगळ्या पाकिटात ठेवले आहे. दोन्ही कुरिअरने पाठवायचे की आपण स्वतः येऊन नेणार, एवढे दुकानाच्या फोनवर कळवावे. आलात तर गास्केट कसे पुसायचे आणि रात्रीची वेळ कशी लावायची हे समोर बसून दाखवतो.