खुलासा : ट्रान्सफर केसची गळती जाड तेलाने थांबत नाही

‘जिप्सीच्या ट्रान्सफर केसमधून तेल गळत असेल तर 140 नंबरचं जाड तेल भरा’ हा मेसेज फिरतोय. (ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी.) गळती जरा मंदावते, पण सील (शाफ्टभोवतीची तेल अडवणारी रबरी कडी) दुरुस्त होत नाही. थंडीत ट्रान्सफर केसचा लिव्हर मात्र जड होतो.

आधी ब्रीदर (केसमधली हवा बाहेर सोडणारी छोटी नळी) बघा. तो चिखलाने बुजला की तापलेली हवा आत कोंडते आणि तेल सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. नवं सीलही मग टिकत नाही. ट्रान्सफर केस धुऊन-पुसून गाडी थोडी फिरवा. वाऱ्याने तेल मागे पसरतं, म्हणून सर्वांत वरची, पुढची ओली जागा शोधा. फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाचा जोड) सील बसतं तिथे नख अडकलं तर चर पडलीय, फ्लँजच बदला. शाफ्ट हलत असेल तर बेअरिंग बदला. तेल भरताना मॅन्युअलमधला ग्रेड घ्या, लेव्हल प्लगच्या (तेलाची पातळी बघायच्या बुचाच्या) भोकापर्यंत भरा.

तो जाड तेलाचा मेसेज पुढे पाठवू नका.