'मारणारा राक्षसच, त्याला आधार कसला?' या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांना मारणारे राक्षस असतात, त्यांना तुरुंगात टाका. पालकांना आधार, घरभेटी वगैरे सगळी एनजीओंची दुकानं आहेत, गप्पा मारून कुणी सुधारत नाही. आपल्या एकत्र कुटुंबात असलं काही नव्हतं. आणि ही माणसं एकदा घरात शिरली की नॉर्वेसारखी मुलं उचलून नेतील. मी बारा वर्षं वस्तीत घरभेटी करते. हा मेसेज मला माझ्या मावसबहिणीनेच पाठवला, आणि तिला मुलांची मनापासून काळजी आहे हे मी जाणते. म्हणून एकेक मुद्दा घेऊनच बोलते.

"मारणारे राक्षस असतात."

काही असतात. त्यांच्यासाठी पोलीस आहेत, कायदा आहे, तिथे कुणाची गय करा असं मी म्हणणार नाही. पण केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12 हजारांहून जास्त मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात महाराष्ट्र होता, गोवाही होतं. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरच्यांचा मार खाल्लेल्या मुलांपैकी सुमारे 89 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. एवढ्या आईबापांना राक्षस म्हणायचं असेल, तर तुरुंग पुरायचे नाहीत.

त्यातली एक आई मी जवळून पाहिली. दहा बाय दहाची खोली, नवरा रात्रपाळी करून पडद्यापलीकडे झोपलेला, मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. बाळ जरा कुरकुरलं की ती पडद्याकडे बघायची. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, काल मी ह्याला गदागदा हलवलं. गप्पच होईना." त्या वयात बाळाची मान नीट धरलेली नसते. जोरात हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, बाळ दगावूही शकतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही आधी बाळाला डॉक्टरकडे नेलं, सुदैवाने ते ठीक होतं. मग तिला सांगितलं, डोकं भणभणायला लागलं की बाळाला सतरंजीवर उताणं ठेव आणि पाच मिनिटं दारात जाऊन उभी राहा, रडण्याने बाळाला काही होत नाही. शेजारच्या काकू दुपारी तासभर बाळ घ्यायला तयार झाल्या. त्या तासात ती झोपायची. पुढचे कितीतरी महिने मी दर आठवड्याला जात राहिले. पोलीस हे काम कोणत्या कलमाखाली करणार होते?

"गप्पा मारून कुणी सुधारत नाही."

हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या शहरात संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस 400 गरोदर बायकांना घेऊन प्रयोग सुरू केला. काहींच्या घरी परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत जात राहिली, बाकीच्यांकडे नाही. 15 वर्षांनी नोंदी काढल्या. जिथे परिचारिका जात होती तिथे छळ आणि हेळसांडीची सिद्ध झालेली प्रकरणं 48 टक्क्यांनी कमी होती.

याच प्रयोगातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. ज्या घरांत बाईला वारंवार मारहाण व्हायची, तिथे हा फायदा दिसला नाही. म्हणजे आईला वाचवल्याशिवाय मूल वाचत नाही. नुसत्या पालकसभा आणि चहाबिस्किटांवर भागवणाऱ्या कार्यक्रमांवर माझाही राग आहे, तो याचसाठी.

"एकत्र कुटुंबात असं नव्हतं."

यातलं खरं तेवढं मी मान्य करते. बाळाला तेल लावणारी, न्हाऊ घालणारी, सुनेला "जा, जरा पड" म्हणणारी आजी हा फार मोठा आधार होता. पण आज ती आजी गावाला आहे, आणि सून शहरातल्या खोलीत एकटी. अंगणवाडी ताई, आशा, शेजारच्या काकू हे सगळं मिळून त्याच आजीची जागा भरायची धडपड आहे. आणि त्याच एकत्र घरांत "घरातली गोष्ट घरातच" म्हणून मुलांची तोंडं किती वेळा दाबली गेली, हेही आपल्याला ठाऊक आहे. 2007 च्या त्याच अहवालात लैंगिक अत्याचार करणारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले.

"एनजीओंची दुकानं."

आधार सरकारही देतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून पात्र मुलाला महिना 4,000 रुपये मिळतात, राज्याच्या बालसंगोपन योजनेतून 2,250. विधवा आईने पोर वसतिगृहात टाकण्याऐवजी घरी वाढवावं, म्हणून. हप्ते वेळेवर येत नाहीत ही तक्रार खरी आहे. ती जरूर करा, मी बरोबर येते.

"मुलं उचलून नेतील."

नॉर्वेत 2011 साली एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारने काढून घेतली, त्याची धास्ती मी समजू शकते. पण मूल घरातून काढायची वेळ येते ती सगळं हाताबाहेर गेल्यावर. आम्ही जातो ते त्याच्या कितीतरी आधी, आणि घरच्यांनी दार उघडलं तरच. आपला 2015 चा बाल न्याय कायदाही कलम 3 मध्ये हेच सांगतो: मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, संस्था हा शेवटचा उपाय.

मावसबहिणीने विचारलं, मग आम्ही करायचं काय? शेजारी मुलाला मारहाण होतेय असं वाटलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कर, 1996 साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता देशभर आहे. आणि तुझ्या मजल्यावरची नवी आई रडकुंडीला आलेली दिसली, तर उद्या दुपारी तासभर तिचं बाळ तुझ्याकडे घेऊन ये.